मिठाची वाटी, ब्लीच आणि रंगाचा हात: याने भिंतीची ओल जात नाही

पावसाळा लागला की एक सल्ला हातोहात फिरू लागतो: "दारं-खिडक्या दिवसभर सताड उघड्या ठेवा, खोलीत खडेमिठाची वाटी ठेवा, बुरशीवर ब्लीच मारा, वरून बुरशीरोधक रंग द्या. चार दिवसांत ओल गायब." हा सल्ला मानून लोक दरवर्षी तीच भिंत पुन्हा रंगवतात. बुरशीचे बीजाणू हवेत कायम असतात, ते संपवता येत नाहीत. आपल्या हातात असतं ते पाणी. भिंतीला लागून असलेल्या हवेची आर्द्रता सतत ८० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी रुजते. या सल्ल्यातल्या एकाही उपायाने ते पाणी खात्रीने तुटत नाही.

"खिडक्या दिवसभर उघड्या ठेवा." बाहेरच्या हवेत आतल्यापेक्षा कमी वाफ असेल तेव्हाच हे खरं, आणि नुसते आर्द्रतेचे टक्के, म्हणजे हवेत मावू शकणाऱ्या वाफेपैकी किती वाफ आहे, बघून ते कळत नाही. हवा जितकी गरम तितकी तिच्यात जास्त वाफ मावते: २४ अंश सेल्सिअसला घनमीटरमागे सुमारे २२ ग्रॅम, २८ अंशांना २७ आणि ३१ अंशांना ३२ ग्रॅम. समजा घरात २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रता आहे, म्हणजे घनमीटरला साधारण २२ ग्रॅम पाणी. बाहेर धो धो पाऊस, २४ अंश, ९५ टक्के: जेमतेम २१ ग्रॅम. झड आत येत नसेल तर अशा वेळी खिडकी खुशाल उघडा. दुपारी ऊन पडलं, ३१ अंश आणि ७५ टक्के झाले, की तीच हवा २४ ग्रॅम पाणी घेऊन आत शिरते. कपाटामागची भिंत २६ अंशांवर असेल तर तिथे दव धरायची वेळ येते. सगळ्यांना "आता जरा सुकेल" असं वाटतं नेमकं तेव्हाच भिंत ओली होते.

म्हणून एक हायग्रोमीटर (हवेची आर्द्रता आणि तापमान दाखवणारं यंत्र) आत आणि एक बाहेर ठेवा, तापमान आणि टक्के दोन्ही वाचा. न्हाणीघर आणि स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट काम चालू असताना आणि नंतर २० ते ३० मिनिटं चालवा. दार लावून घ्या, पण दाराखाली फट हवी. हवा आत आलीच नाही तर पंखा नुसता फिरतो. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून ८-१० सेंटिमीटर पुढे ओढा.

सल्ल्यात कपड्यांचा उल्लेखच नाही, आणि घरातल्या ओलीचा मोठा वाटा तिथूनच येतो. मशीनमधून पिळून निघालेल्या एका घाण्यात दोनेक लिटर पाणी सहज असतं. ३ बाय ३.५ मीटरची, ३ मीटर उंच खोली घ्या. २८ अंशांना तिची सगळी हवा मिळून साडेआठशे ग्रॅमच वाफ धरते, आणि ८० टक्के आधीच भरलेली असेल तर जागा उरते १७० ग्रॅमची. बाकीचं पाणी भिंती, गाद्या आणि कागद पितात. छताचा पंखा कपडे लवकर वाळवतो, पण पाणी खोलीबाहेर नेत नाही. कपडे एक्झॉस्ट असलेल्या खोलीत वाळवा, नाहीतर बंद खोलीत डीह्युमिडिफायर (हवेतलं पाणी काढून घेणारं यंत्र) किंवा एसीचा ड्राय मोड लावून.

"खडेमीठ ओल शोषतं." साधं मीठ आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेल्यावरच पाणी ओढतं, खाली आली की परत सोडतं. उघड्या खोलीत वाटीभर मिठाला काही अर्थ नाही. बंद कपाटात ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडचे डबे चालतात, पण साचलेलं खारं पाणी सांडलं तर चामडं आणि लोखंड खराब होतं. डबा खालच्या फळीवर, ताटलीत ठेवा.

"ब्लीचने बुरशी मरते." टाइल आणि काचेवर, हो. गिलाव्यावर औषध वरच्या वर संपतं आणि त्यातलं पाणी आत मुरतं. काळा रंग उडतो, म्हणून बुरशी गेल्यासारखी वाटते. शिवाय मेलेल्या बुरशीनेही शिंका आणि दमा उसळतो, ती पुसूनच काढावी लागते. ब्लीच संडास धुण्याच्या ॲसिडबरोबर कधीही वापरू नका, क्लोरीन वायू निघतो, अमोनियाबरोबरही नको. एक चौरस मीटरपर्यंतचा डाग असेल तर एन-९५ मास्क, हातमोजे आणि चष्मा घाला, साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा आणि पंखा मारून जागा कोरडी करा. पंखा पुसून झाल्यावरच. कोरडा ब्रश अजिबात नको, बीजाणू घरभर उडतात.

भिंतीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशीच असं धरू नका, आधी पाण्याचा थेंब टाका. विरघळली तर तो भिंतीला फुटलेला खार आहे, म्हणजे पाणी भिंतीच्या आतून येतंय.

"वरून रंग द्या." ओल्या गिलाव्यावर रंग दिला की वाफ अडकते, फोड येतात, पोपडे सुटतात. आधी ३० बाय ३० सेंटिमीटरचं प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवा आणि ४८ तास थांबा. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर दोष हवेतल्या वाफेचा. भिंतीकडच्या बाजूला असतील तर गच्चीचा उतार, खिडकीची चौकट, पन्हळ किंवा फुटका पाइप शोधा. गळती बंद झाल्यावरही भिंत सुकायला कित्येक आठवडे जातात, दमट हवेत आणखी जास्त. दर पंधरा दिवसांनी हीच चाचणी करा. भिंतीकडची बाजू सलग दोनदा कोरडी निघाली तरच पुट्टी आणि प्रायमरला हात लावा.