‘हत्ती न मारताही हस्तिदंत मिळतो’: एका संदेशाची तपासणी

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एका संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: चितळ-सांबराची शिंगे गळतात तसे हत्तीचे सुळेही गळून पुन्हा उगवतात, त्यामुळे हस्तिदंतासाठी हत्ती मारावाच लागत नाही, सरकारांनी गोदामांतला साठा जाळण्याऐवजी विकला, तर भाव कोसळून चोरटी शिकार आपोआप बंद पडेल, आणि घरात पिढीजात असलेला हस्तिदंत विकायला कायद्याची आडकाठीच नाही. यातले एकही विधान टिकत नाही.

सुळा हे शिंग नव्हे, तो वरच्या जबड्यातला पटाशीचा दात आहे. पिल्लाचे बोटाएवढे दुधाचे सुळे वर्षभराच्या सुमारास पडतात, एवढे खरे. त्यानंतर येणारे सुळे मात्र कायमचे असतात आणि हत्ती जगेल तोवर वाढत राहतात. त्यांचा सुमारे एक तृतीयांश भाग कवटीत रुतलेला असतो, आणि तिथल्या पोकळीत नसा व रक्तवाहिन्यांनी भरलेला जिवंत गर असतो. पाळीव हत्तीच्या सुळ्याचे टोक कापताना करवत या गराच्या पुष्कळ अलीकडे चालवावी लागते, नाहीतर दात सडतो. शिकाऱ्याला नुसते टोक नको असते. अख्खा सुळा काढायचा तर कवटी फोडणे आले, म्हणून तस्करांनी मारलेल्या हत्तीचा चेहरा बहुधा कुऱ्हाडीने तोडलेला आढळतो.

आशियाई हत्तींत मोठे सुळे फक्त नरांना येतात, तेही सगळ्यांना नाही. बिनसुळ्याच्या नराला मखना म्हणतात. साहजिकच शिकारीचा सगळा भार सुळेवाल्या नरांवर पडतो. केरळातल्या पेरियार व्याघ्र प्रकल्पात १९८०च्या दशकाच्या अखेरीस एका प्रौढ नरामागे शंभराच्या आसपास माद्या उरल्या होत्या. आफ्रिकेत मात्र माद्यांनाही सुळे असतात, आणि मोझांबिकच्या गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यानात यादवी युद्धाच्या काळात सुळेवाल्या हत्तींची इतकी कत्तल झाली की बिनसुळ्याच्या माद्यांचे प्रमाण १८.५ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेले.

साठा विकण्याचा प्रयोग तर करूनही झाला आहे. आफ्रिकी हत्तींची संख्या १९७९च्या सुमारे १३ लाखांवरून दहा वर्षांत सुमारे ६ लाखांवर आल्यानंतर ‘साइट्स’ या वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराने १९८९मध्ये त्यांच्या हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घातली. तरीही २००८मध्ये चार आफ्रिकी देशांना सुमारे १०० टन साठा चीन व जपानला विकण्याची खास मुभा मिळाली. त्यानंतर शिकार थांबली नाही. १८ देशांतल्या हवाई गणनेत २००७ ते २०१४ या काळात सव्हाना हत्ती (आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशातले) ३० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. त्या विक्रीनेच शिकार वाढवली का, यावर संशोधकांत मतभेद आहेत, पण तिने शिकार रोखली असे म्हणायला काही आधार नाही. कारण उघड आहे: कोरून झालेली मूर्ती गोदामातल्या सुळ्याची की गेल्या महिन्यात मारलेल्या हत्तीची, हे दुकानात कुणालाच सांगता येत नाही, आणि वैध मालाच्या कागदांआड चोरीचा माल खपतो. जप्त हस्तिदंताच्या कार्बन-चाचण्यांत बहुतेक नमुने जप्तीपूर्वी तीन वर्षांच्या आत मेलेल्या हत्तींचे निघाले. म्हणजे बाजार जुन्या साठ्यावर नव्हे, ताज्या शिकारीवर चालला होता. शेवटी चीननेच २०१७च्या अखेरीस आपला देशांतर्गत व्यापार बंद केला.

साठा जाळण्यावर वाद घालता येईल. केनियाने २०१६मध्ये जाळलेले १०५ टन पाहून हळहळ वाटणेही समजू शकते, पण ‘विकला असता तर हत्ती वाचले असते’ हे म्हणणे वरच्या अनुभवापुढे उभे राहत नाही.

उरला घरचा हस्तिदंत. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या १९८६च्या दुरुस्तीने देशी आणि १९९१च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला. मालकीचे प्रमाणपत्र असले तरी वस्तू विकता येत नाही. या गुन्ह्याला किमान ३ आणि कमाल ७ वर्षे कैद आहे. अशी वस्तू वारशाने आली, तर ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तिची घोषणा करावी लागते.