सांगायला काय जाते?

संगणक आमचा, वीज आमची, डेटा आमच्या पैशांचा. मग विंडोजचे अपडेट म्हणून त्यावर काय बसवले जात आहे, हे आम्हालाच सांगायला मायक्रोसॉफ्टचे काय जाते? फोनच्या हॉटस्पॉटवर ऐन बैठक सुरू असताना पंखा घरघरू लागतो, आवाज तुटतो, दिवसभराचा डेटा बघता बघता संपतो, आणि संगणकावर काय काय चालू आहे ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडावा तर पडद्याआड चालणाऱ्या कुठल्याशा सर्व्हिसचे मोघम नाव तेवढे दिसते. काय उतरवले जात आहे? किती मोठे? कोणाच्या परवानगीने? पडद्यावर चकार शब्द नाही!

हे आजचे नाही. २०१५ मध्ये विंडोज ७ आणि ८.१ वापरणाऱ्या कित्येकांच्या संगणकांवर, त्यांनी मागितलेले नसताना, विंडोज १० च्या ६ जीबीपर्यंतच्या फायली लपविलेल्या फोल्डरमध्ये परस्पर उतरवल्या गेल्या. २०१६ मध्ये तर आधीच ठरवून टाकलेल्या अपग्रेडची सूचना लाल फुलीवर क्लिक करून बंद केली, तरी ती संमतीच धरली गेली. नकाराला होकार मानणे ही कुठली रीत? सुरक्षेचे अपडेट हवेतच, त्याबद्दल वाद नाही. पण अपडेट उतरवणे सुरू होण्यापूर्वी त्याचे नाव, आकार आणि ‘नंतर’ हे बटण एवढे तरी दाखवा, आणि संगणक कधी रीस्टार्ट करायचा ते आम्हाला ठरवू द्या.