नाव लपवून वायफाय लपत नाही

घरचं वायफाय सुरक्षित ठेवण्यावरच्या एका लेखात म्हटलंय की वायफायचं नाव लपवा, मॅक फिल्टर लावा (मॅक ॲड्रेस म्हणजे प्रत्येक उपकरणाचा ओळख क्रमांक, यादीतल्या क्रमांकांनाच राउटर जोडू देतो), म्हणजे शेजारचे येणार नाहीत. मला हे अजिबात पटलं नाही. नाव लपवलं तरी राउटर सिग्नल सोडतच असतो आणि आपला फोन जोडला जाताना ते नाव उघडपणे पाठवतो, साधं फुकटचं सॉफ्टवेअर असलं की दिसतं. मॅक ॲड्रेसचंही तेच, तो एन्क्रिप्ट (सांकेतिक) होत नाही, कोणीही कॉपी करू शकतो. उलट अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन खऱ्याऐवजी दुसराच मॅक दाखवतात त्यामुळे खऱ्या मॅकची यादी करून फिल्टर लावला की आधी घरातल्यांचंच नेट बंद पडतं.

सिग्नल शेजारी जाऊ नये म्हणून रेंज कमी करायचीच तर बऱ्याच राउटरच्या वायरलेस सेटिंगमध्ये ट्रान्समिट पॉवर (सिग्नलची ताकद) असते, ती लो करून बघा, छोट्या फ्लॅटला बहुतेक पुरते. राउटरचा ५ गिगाहर्ट्झवाला सिग्नल भिंतींमध्ये लवकर अडतो, २.४ वाला लांब जातो. आणि राउटर जिन्याकडच्या भिंतीवर कशाला लावता, घराच्या मधे आणा ना. पण ही काही सिक्युरिटी नाही, चांगला अँटेना असेल तर लांबूनही पकडतात.

लेखात डब्ल्यूपीएसचा (पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) साधा उल्लेखही नाही याचं वाईट वाटलं. त्याचा ८ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, म्हणजे फार तर ११,००० प्रयत्न, हे २०११ मध्येच उघड झालंय. ते आधी बंद करा, वायफाय एन्क्रिप्ट करायची पद्धत डब्ल्यूपीए३ किंवा निदान डब्ल्यूपीए२ आणि लांबलचक पासवर्ड ठेवा, पाहुण्यांना गेस्ट नेटवर्क द्या.