पुढचे ब्रेक काढून टाका म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

गेल्या आठवड्यात माझ्या भाच्याने फोनवर विचारले, "मामा, पुढचे कॅलिपर काढल्यावर होजचे तोंड कशाने बंद करायचे?" कॅलिपर म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा ब्रेकचा भाग, आणि होज म्हणजे त्याला ऑइल पोचवणारी नळी. रेसच्या एटीव्हीचे (कच्च्या वाटांवर धावणाऱ्या, चार जाड टायरांच्या उघड्या गाडीचे) पुढचे ब्रेक तो काढतोच का आहे, असे मी विचारल्यावर त्याने मला एक संदेश पाठवला. 'रेसिंग एटीव्हीचे ब्रेक दुप्पट करण्याचे सहा उपाय' असे त्याचे शीर्षक आहे आणि रेस करणाऱ्या मुलांमध्ये तो या हातातून त्या हातात फिरतो आहे. उपाय थोडक्यात असे आहेत: पुढचे ब्रेक काढून मागे मोठी डिस्क बसवा, ब्रेक ऑइल म्हणून डॉट ४ ऐवजी डॉट ५ भरा, मोठ्या बोअरचा (आतल्या व्यासाचा) मास्टर सिलिंडर, म्हणजे लिव्हर किंवा पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा भाग, लावा, डिस्कला स्वतःच भोके पाडा, स्टीलच्या जाळीचे होज लावा, आणि सिंटर्ड (धातूची भुकटी दाबून-तापवून घडवलेले) पॅड टाका. शेवटच्या दोन उपायांत थोडेफार तथ्य आहे. पहिला उपाय मात्र जीवावर बेतणारा आहे आणि माझ्या घरातला मुलगा तो करायला पाना घेऊन बसला होता, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पहिल्या उपायामागचे कारण संदेशात असे दिले आहे: पुढचा ब्रेक दाबला की एटीव्ही नाकावर उलटते, पुढचे कॅलिपर आणि डिस्क काढल्या की वजनही घटते, आणि मागे मोठी डिस्क लावली की सगळी भरपाई होते. या वाक्यातला एकही भाग हिशेबाला उतरत नाही.

ब्रेक लागतो तेव्हा गाडीचा आणि चालकाचा भार पुढच्या चाकांवर सरकतो. किती सरकतो, हे गाडी किती जोराने मंदावते, भाराचा मध्य किती उंच आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांमध्ये अंतर किती आहे, यावर ठरते. चाकांमधले अंतर १.२७ मीटर, चालकासह भारमध्याची उंची ०.६५ मीटर, उभ्या गाडीत भार पुढे-मागे निम्मा-निम्मा आणि घट्ट मातीवर टायरची पकड भाराच्या ०.६ पट, असे धरून चालू. चारही चाके पूर्ण पकडीने थांबवत असतील, तर सुमारे ८० टक्के भार पुढे जातो आणि मागे जेमतेम २० टक्के उरतो. म्हणजे गाडी थांबवण्याचे बहुतेक काम ज्या चाकांकडे आलेले असते, त्याच चाकांचे ब्रेक काढायला हा संदेश सांगतो.

आता याच आकड्यांवर थांबण्याचे अंतर काढा. ताशी ६० किलोमीटर वेगावरून चारही चाकांच्या ब्रेकने गाडी सुमारे २४ मीटरमध्ये थांबते. फक्त मागच्या ब्रेकने तिला सुमारे ६२ मीटर लागतात. हा हिशेब सपाट जमिनीचा आहे. उतारावर मागचा भार आणखी हलका होतो आणि चित्र याहून वाईट होते. तुमची गाडी या मापांपेक्षा थोडी उंच किंवा लांब असेल, तर आकडे थोडे हलतील, पण अडीच पटींचा हा फरक मिटणार नाही.

मोठी डिस्क इथे काहीच करू शकत नाही, कारण मूळची मागची डिस्क चाक जाम करण्याइतकी समर्थ असतेच. चाक जाम झाल्यावर मर्यादा टायर आणि माती यांच्यातल्या पकडीची असते, कॅलिपरची नव्हे. डिस्क दुप्पट केली, तर चाक फक्त अधिक लवकर जाम होईल. त्यात स्पोर्ट एटीव्हीची मागची दोन्ही चाके एकाच सलग एक्सलवर असतात आणि त्या एक्सलवर एकच डिस्क असते, त्यामुळे जाम होतात तेव्हा दोन्ही एकदम होतात. जाम झालेले चाक बाजूची पकडही सोडते, मागचा भाग बाजूला झेपावतो, गाडी आडवी होते, आणि आडव्या गाडीच्या टायरच्या गुट्ट्या एखाद्या चाकोरीत रुतल्या की ती बाजूवर पलटते. ज्या पलटीच्या भीतीने पुढचे ब्रेक काढायचे, ती पलटी अशी दुसऱ्या दाराने घरात येते.

नाकावर उलटण्याचेही पाहू. वरच्याच मापांच्या गाडीला सपाटीवर केवळ ब्रेकने पुढे उलटायचे असेल, तर ती गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ०.९८ पटीने मंदावली पाहिजे. घट्ट माती तेवढे देतच नाही, ती ०.६ पर्यंत देते. तरीही मान्य करायची ती गोष्ट मी मान्य करतो: हँडल वळवलेले असताना पुढचा लिव्हर एकदम आवळला तर बाहेरच्या पुढच्या चाकावरून गाडी कलंडू शकते, आणि तीव्र उतारावर किंवा उडीवरून उतरताना पुढचे चाक जाम असेल तर ती पुढेही जाऊ शकते. यावर उपाय आहे वळणाआधी, गाडी सरळ असताना ब्रेक लावण्याचा आणि बोटांनी लिव्हर हळूहळू दाबत नेण्याचा. तो सरावाने येतो. ज्याचे कॅलिपर काढलेले आहेत, त्याला सराव कशाचा करायचा?

आणखी एक गोष्ट आहे, जी संदेश लिहिणाऱ्याच्या मनातही आलेली दिसत नाही. पुढचा ब्रेक हाताचा आणि मागचा पायाचा, असे हे दोन स्वतंत्र हायड्रॉलिक मार्ग असतात. मागची डिस्क एक्सलपाशी खाली असते. दगड, ओंडके यांचा मार आधी तिलाच लागतो. ती वाकली किंवा तिथला होज फाटला, तर आज पुढचा ब्रेक हाताशी असतो. उपाय क्रमांक एक केल्यावर काहीच उरत नाही.

दुसरा उपाय ब्रेक ऑइलचा. संदेशाचा युक्तिवाद एवढाच की पाच हा आकडा चारापेक्षा मोठा आहे. हे आकडे अमेरिकेच्या वाहन-सुरक्षा मानक क्रमांक ११६ मधले आहेत आणि त्या मानकात काय लिहिले आहे ते स्पष्ट आहे. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअस आणि पाणी शोषल्यावर किमान १५५ अंश असावा लागतो. डॉट ५ साठी हे आकडे २६० आणि १८० आहेत. डॉट ५.१ साठीही नेमके तेच, २६० आणि १८०, आहेत. मग फरक कशात? डॉट ५ सिलिकॉनचे असते. डॉट ३, ४ आणि ५.१ ही ग्लायकॉल वर्गातली. ही दोन कुळे एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणून तर त्याच मानकाने डॉट ५ चा रंग जांभळा आणि बाकीच्यांचा बिनरंगी ते पिवळसर ठरवून दिला आहे, की चुकीचे ऑइल डोळ्यांना दिसावे.

भाच्याने मागच्या ब्रेकच्या ऑइलच्या टाकीत जुन्यावरच डॉट ५ ओतले होते. मी कॅलिपरवरच्या निपलला (हवा आणि ऑइल बाहेर काढायच्या तोंडाला) पारदर्शक नळी लावून पेडल दाबायला सांगितले, तेव्हा नळीतून आधी मधासारखे पिवळसर ऑइल आले, मग जांभळे थेंब आले, आणि दोन्ही एकाच नळीत शेजारी असूनही वेगळेच राहिले. शिवाय सिलिकॉनमध्ये पाणी विरघळत नाही, त्यामुळे आत शिरलेले पाणी सर्वांत खाली, म्हणजे तापणाऱ्या कॅलिपरमध्ये, साठते आणि १०० अंशांच्या आसपास त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही; म्हणून अशा वेळी पेडल पोकळ जाते. सिलिकॉन हवाही सहज धरून ठेवते, आणि रेसमधल्या हादऱ्यांनी ती बुडबुड्यांच्या रूपात पसरली की ब्रेक स्पंजी होतो. अधिक उष्णता सोसणारे ऑइल हवे असेल तर डॉट ५.१ घ्यावे, किंवा चांगले डॉट ४ वरचेवर बदलावे. त्याआधी टाकीच्या झाकणावर काय कोरले आहे ते वाचावे.

तिसरा उपाय थेट उलटा आहे. बोटांचे बळ तेवढेच असेल, तर मास्टर सिलिंडरचे बोअर मोठे केल्याने दाब घटतो. १२.७ मिलिमीटरच्या जागी १४ मिलिमीटरचे बोअर आणले की क्षेत्रफळ सुमारे २१ टक्क्यांनी वाढते आणि दाब सुमारे १८ टक्क्यांनी कमी होतो. लिव्हर कडक लागतो, म्हणून ब्रेक जबर झाल्याचा भास होतो, इतकेच. कॅलिपरचे पिस्टनही मोठे केले असतील, तर जास्त ऑइल ढकलण्यासाठी मोठे बोअर लागते हे खरे, पण संदेशात त्याचा उल्लेख नाही.

चौथ्याबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. कारखान्यातून भोकांसह येणाऱ्या डिस्कमध्ये त्या भोकांच्या जागा आखलेल्या असतात आणि कडा घासून गोलावलेल्या असतात. पॅडवरचा चिखल आणि पाणी पुसले जावे हा त्यांचा एक उपयोग. हाताच्या ड्रिलने पाडलेल्या भोकाच्या धारदार कडेपासून तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत तडा सुरू होतो. ब्रेक लागल्यावर गाडीच्या वेगाची बहुतेक सारी ऊर्जा या धातूतच उष्णता होऊन जाते. तो धातू कमी करून ब्रेक वाढत नाही.

स्टीलच्या जाळीचे होज चांगले असतात. जुने रबरी होज दाबाखाली थोडे फुगतात, हे फुगत नाहीत, त्यामुळे लिव्हरचा स्पर्श नेमका होतो. पण त्याने ब्रेकचे बळ दुप्पट होत नाही. सिंटर्ड पॅड चिखलात आणि उष्णतेत टिकतात, हेही बरोबर. ते डिस्क अधिक झिजवतात, म्हणून डिस्कवर कोरलेली किमान जाडी वरचेवर मोजावी, आणि नवे पॅड रेसच्या आधी मध्यम वेगावरून अनेकदा ब्रेक लावून डिस्कवर बसवून घ्यावेत.

भाच्याची गाडी सध्या स्टँडवर आहे. मागचा मार्ग पूर्ण धुऊन काढला आहे आणि त्याचे रबरी सील बदलायचे आहेत. पुढचे दोन्ही कॅलिपर मात्र काल संध्याकाळी त्याने स्वतःच्या हाताने परत बसवले, डॉट ४ भरून हवा काढली, आणि लिव्हर कडक लागेपर्यंत निपल सोडला नाही.