सॅश परत करा, ताई

स्टेजची शेवटची पायरी उतरते न उतरते तोच ब्लेझरवाल्या पोरानं हात पुढे केला. मला वाटलं, अभिनंदन करतोय. मी हातात हात दिला. तो म्हणाला, "हात नको ताई, सॅश द्या. मागचे खोळंबलेत."

माझ्या अंगावरचा निळा पट्टा, ज्यावर सोनेरी अक्षरांत 'सिल्व्हर' लिहिलेलं होतं, मी डोक्यातून काढला. काढताना तो अंबाड्याच्या पिनेत अडकला. पोरानं तो सोडवला, झटकला आणि रांगेतल्या पुढच्या बाईंच्या गळ्यात टाकला. माझा सन्मान बारा सेकंद टिकला असेल. त्यातही चार सेकंद निवेदकानं माझं आडनाव चुकीचं घेण्यात घालवले.

आमच्या गावात पूर्वी एकच फोटो स्टुडिओ होता. तिथं खुंटीला एक काळा कोट आणि गाठ मारून ठेवलेला टाय कायम लटकलेला असे. लग्नासाठी फोटो काढायला येणारा प्रत्येक मुलगा तो चढवायचा. पंचक्रोशीतल्या तमाम नवऱ्यांचा कोट एकच, बाह्यांची लांबी मात्र ज्याच्या त्याच्या नशिबाप्रमाणे. पण तो स्टुडिओवाला कुणाला "तुमच्या कष्टाचं फळ" म्हणून कोट देत नव्हता.

तर मी दीड वर्षापासून एका कंपनीची टूथपेस्ट, फरशी पुसायचं लिक्विड आणि प्रोटीन पावडर विकते. आमच्यात विकणं म्हणत नाहीत, 'शेअर करणं' म्हणतात. वर्षातून एकदा कन्व्हेन्शन असतं, तिकीट नऊशे रुपये. सक्ती अजिबात नाही, फक्त न येणाऱ्याची स्वप्नं लहान आहेत असं अपलाइन मॅडम, म्हणजे साखळीत माझ्या वरच्या, ग्रुपवर नाव घेऊन सांगतात. 2023 च्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालंय म्हणून कराडहून पुण्याला जाणं तरी परवडलं. सरकारनं अर्ध्यात नेलं, कंपनीनं पूर्ण घेतलं.

हॉलमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक काका होते. पांढरी टोपी, मांडीवर रेक्झिनची पिशवी, कानामागे पेन्सिल. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. सूनबाई पुढच्या झोनमध्ये 'गोल्ड' होत्या. त्यांना रात्री एकटीनं परतायला नको म्हणून काका सोबतीला आले, तर दारात त्यांनाही नऊशेचं तिकीट फाडायला लावलं. आयुष्यभर दुसऱ्याची तिकिटं फाडलेल्या माणसाला हा घाव फार खोल लागला होता. तिकीट उलटसुलट करून ते म्हणाले, "ह्येच्यावर टप्पा न्हाई. कुटनं कुटंपतुर ते न्हाई. असलं तिकीट चेकिंगला सापडलं तर मी सस्पेंड."

तेवढ्यात ट्रेनर सरांनी दिवे मंद करायला लावले. "डोळे मिटा. तुमच्या दारात तुमची ड्रीम गाडी उभी आहे. तिचा रंग बघा. दार उघडा. सीटचा वास घ्या." दोन हजार माणसं डोळे मिटून वास घेऊ लागली. मीही घेतला. पुढच्या रांगेतल्या मोगऱ्याचा आला.

दिवे लागले आणि सर माईक घेऊन नेमके आमच्या रांगेत.

"काका, कोणती गाडी दिसली?"

"एशियाड."

सर क्षणभर थांबले. "कोणती?"

"एशियाड. नीम आराम. हिरवी-पांढरी. कराड-स्वारगेट, सकाळची सव्वासहाची."

"काका, स्वप्न मोठं बघायचं असतं!"

"मोठीच हाय की. तुमच्या मोटारीत माणसं किती बसत्यात? पाच."

टाळ्या पडल्या. सकाळपासून लोकांच्या हाताला इतकी सवय झाली होती की कुणी शिंकलं असतं तरी पडल्या असत्या.

मग प्लॅन. पडद्यावर गोल आले. तुम्ही सहा जण आणा, ते सहा-सहा आणतील, झाले छत्तीस, मग 216. हा प्लॅन मी इतक्यांदा बघितलाय की झोपेत काढून दाखवीन. काकांनी मात्र कानामागची पेन्सिल काढली, जेवणाचं कूपन उलटं केलं आणि त्याच्या पाठीवर गुणाकार सुरू केला. पेन्सिल जिभेला लावायची, आकडा मांडायचा, पुन्हा जिभेला. सर थायलंडच्या ट्रिपपर्यंत पोचले तेव्हा काकांचा हिशेब झाला.

"ताई, चुकलं का बघा. बाराव्या पायरीला 217 कोटी हुत्यात. 2011 च्या जनगणनेला आख्ख्या देशात 121 कोटी माणसं. म्हंजे समदी शिटं भरून वर शहाण्णव कोटी स्टँडिंग."

"काका, तुम्ही निगेटिव्ह बोलताय," मी म्हटलं. हे वाक्य माझं नव्हे, ट्रेनिंगमधलं आहे. पण म्हटलं मीच, आणि जरा तोडूनच.

त्यांना राग आला नाही. उलट काळजीनं विचारलं, "तुमच्या खाली किती हायेत?"

"चार."

"कोण कोण?"

"दोन वहिन्या, एक मावसबहीण." मी थांबले. "आणि आमचे हे."

काकांनी पेन्सिल परत कानामागे ठेवली. "म्हंजे बसमदी ड्रायव्हर, कंडक्टर आन् त्येंच्याच घरची मानसं. मग तिकीट फाडलं कुनाचं?"

तेव्हापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. मला त्या माणसाचा अजून राग येतो.

कारण मी सिल्व्हर कशी झाले ते मला माहीत आहे. महिनाअखेरीला पॉइंट कमी पडले की मीच माल उचलते. आमच्या दिवाणाखाली आज टूथपेस्टच्या तेवीस ट्यूब आहेत. हे दिवसातून तीनदा दात घासतात, तिसऱ्यांदा डाउनलाइनचं कर्तव्य म्हणून. फरशी इतकी चकचकीत झालीय की सासूबाई भिंत धरून चालतात.

सकाळच्या सत्रात एका सरांनी 2021 चे डायरेक्ट सेलिंगचे नियम वाचून दाखवले होते. ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जायचं नाही. नियम चांगलाच आहे. पण नणंदेकडे वेळ ठरवून गेलं की दाराला कुलूप असतं. न ठरवता गेलं की आतून टीव्हीचा आवाज बंद होतो. पूर्वी ती मला बघून आधण ठेवायची. तिची काय चूक? भिशीत माझ्या शेजारची खुर्चीही हल्ली रिकामी असते. या सगळ्याचे पॉइंट कुठल्याच चार्टमध्ये नाहीत.

जेवणात निळ्या बिल्ल्याला मसालेभात आणि सोनेरी बिल्ल्याला शिवाय श्रीखंड, ही तक्रार मी करणार नव्हते. पण केली. काकांचं तर कूपनच काउंटरवाला घेईना, मागं लिहिलंय म्हणून. सूनबाई धावत आल्या, त्यांनी आपलं श्रीखंड सासऱ्यांच्या ताटात वाढलं आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू गुणाकार मीच करायला लावला होता.

स्टेजवरचा फोटो काल व्हॉट्सॲपवर आला. आडवा कंपनीचा शिक्का मारलेला. शिक्का नसलेला हवा तर तीनशे रुपये. सॅश झकास दिसतेय, माझे डोळे मिटलेले आहेत. घरात कुणाला दाखवला नाही. ह्यांना दाखवला. ते म्हणाले, "छान आलाय," आणि दात घासायला गेले.

आज तीस तारीख. चाळीस पॉइंट कमी पडतायत. मघाशी धाकट्या वहिनीला फोन लावला, रिंग पूर्ण वाजली. आता दुसऱ्या नंबरवरून लावून बघते.