मिलिटरीवाल्यांचं कार्ड आणि आपले काका-मामा

इथे व्हर्जिनियात आपल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न अधूनमधून उगवतोच. नेव्ही फेडरलचं किंवा यूएसएएचं क्रेडिट कार्ड आपल्याला मिळेल का? (दोन्ही संस्था अमेरिकी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठीच्या. यूएसएए म्हणजे विमा कंपनी आणि तिची बँक.) व्याज कमी, लिमिट घसघशीत, नेव्ही फेडरलच्या बहुतेक कार्डांना परदेशी व्यवहाराची फी नाही, म्हणजे भारतवारीत सोय. मग कोणीतरी शहाणा सल्ला देतो, "फॉर्मवर टाका की आजोबा नेव्हीत होते. कोण तपासतंय?" आज या सल्ल्याचाच समाचार घ्यायचा आहे.

आधी हे समजून घ्या की नेव्ही फेडरल ही बँक नाहीच, क्रेडिट युनियन आहे. आपल्याकडची पगारदारांची पतसंस्था, तीच जात. शिक्षकांच्या पतसंस्थेत दुकानदाराला कर्ज मिळत नाही, यात आपल्याला कधी अन्याय वाटला नाही. १९३३ साली नौदल खात्यातल्या ७ कर्मचाऱ्यांनी ही सुरू केली. आज सभासद १ कोटी ४० लाखांच्या वर आहेत आणि जगात एवढी मोठी क्रेडिट युनियन दुसरी नाही. मुख्यालय व्हिएन्नात. (ऑस्ट्रियातलं नव्हे, आपलं व्हर्जिनियातलं, टायसन्सच्या शेजारचं.) केंद्रीय परवाना असलेल्या क्रेडिट युनियनला बहुतेक कर्जांवर १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावता येत नाही, ही मर्यादा १९८७पासून आहे. बाकी कार्डांची सरासरी गेली काही वर्षं २० टक्क्यांच्या वर आहे. तेव्हा लोकांना मोह का होतो ते कळतं.

पण खरी गंमत आहे ती 'कुटुंब' कोणाला म्हणायचं यात. नेव्ही फेडरलमध्ये नातं वर, खाली, आडवं, सगळीकडे चालतं: आईवडील, आजीआजोबा, नवरा-बायको, भावंडं, मुलं, नातवंडं. यूएसएएमध्ये नवरा-बायको सोडले तर ते फक्त खाली वाहतं. आईवडील सभासद असतील तर मुलांना मिळतं. मुलगा सैन्यात गेला म्हणून आईवडिलांना किंवा भावाला मिळत नाही. त्यातही मेख अशी की वडील सैन्यात होते पण त्यांनी यूएसएएचं सभासदत्व कधी घेतलंच नाही, तर मुलांच्या हाती काही लागत नाही. घटस्फोटित जोडीदाराला चालतं, पण लग्न टिकलेलं असताना सभासदत्व घेतलेलं हवं आणि पुन्हा लग्न केलेलं नको. दुसऱ्या लग्नाची चौकशी आपल्याकडे आत्याबाई करायच्या, इथे विमा कंपनी करते.

आणि काका, मामा? ते दोन्हीकडे कुटुंबात बसत नाहीत. पुतण्या आर्मीत आहे म्हणून काकाने थेट अर्ज केला तर उत्तर नाही असंच येणार. हा प्रश्न आता आपल्यातही निघतो, कारण २००९ ते २०१६ या काळात मॅव्हनी योजनेतून व्हिसावर असलेली, हिंदी येणारी बरीच भारतीय मुलं अमेरिकी सैन्यात भरती झाली आणि नागरिक झाली. अशा मुलाचे वडील नेव्ही फेडरलचे सभासद झाले, तर त्यांचा भाऊ म्हणून काकाला दार उघडतं. हा रस्ता सरळ आहे, त्यात चोरी नाही. शिवाय एकाच घरात राहून एकत्र खर्च चालवणारा माणूसही नेव्ही फेडरलला चालतो, रक्ताचं नातं नसलं तरी. थोडक्यात, चूल एक असेल तर तुम्ही घरचे. हा नियम मला मनापासून आवडतो.

एक कळकळीची शंका नेहमी येते: "आमचे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, त्याचं काही?" त्याचा अभिमान जरूर बाळगा, पण इथे सेवा अमेरिकी सैन्यातली लागते.

सभासद झालात म्हणजे कार्ड मिळालं, असंही नाही. नातं फक्त आत घेतं. त्यानंतर क्रेडिट रिपोर्ट, पगार, डोक्यावरचं कर्ज हे सगळं बघतातच. नुकते आलेल्यांचा इथला इतिहास कोरा असतो, तेव्हा २०० डॉलर अनामत ठेवून मिळणाऱ्या सिक्युअर्ड कार्डापासून सुरुवात केली तरी बिघडत नाही.

आता ते 'कोण तपासतंय'. कर्ज किंवा कार्ड मिळवण्यासाठी अशा वित्तसंस्थेला मुद्दाम खोटी माहिती देणं हा इथे केंद्रीय गुन्हा आहे, शिक्षा ३० वर्षांपर्यंत. रोज कोणी आत जात नाही, मान्य. पण ग्रीन कार्डाच्या रांगेत असलेल्या माणसाने सही करून खोटं लिहावं, तेही दोन-चार टक्के व्याजासाठी? आणि बॅलन्स दर महिन्याला पूर्ण भरत असाल तर त्या व्याजाशी तुमचा संबंधच काय?

दारावर पहारा असावा की नाही, यावर माझं मत मात्र सरळ एका बाजूला नाही. यूएसएएचंच बघा. १९२२ साली सॅन अँटोनिओत २५ आर्मी अधिकारी जमले. सतत बदल्या, म्हणून धोक्याचं गिऱ्हाईक समजून त्यांना कोणी गाडीचा विमा देईना. त्यांनी आपसातच विमा सुरू केला. पुढे १९८३मध्ये बँक निघाली. पण साध्या शिपायांसाठी दार उघडलं ते १९९६ला! ज्यांना बाहेर ठेवलं होतं त्यांनी आपल्याच हाताखालच्यांना सत्तरहून जास्त वर्षं बाहेर ठेवलं. असा पहारा मला पटत नाही. नेव्ही फेडरलने उलट २००८मध्ये आर्मी आणि एअर फोर्सला आत घेतलं, २०१७मध्ये सगळ्या माजी सैनिकांना. दार सैन्यापुरतंच ठेवलं, पण ते असं रुंद करताना अधिकारी-शिपाई भेद केला नाही. हे मला योग्य वाटतं, भले त्यात माझा नंबर लागत नसो.

बाकी ज्यांना असंच कार्ड हवं आहे त्यांनी पेनफेड बघा. मूळची १९३५ची, नावातच पेंटागॉन आहे, ऑफिसही इथेच टायसन्सला, आणि तीही क्रेडिट युनियनच, म्हणजे १८ टक्क्यांची मर्यादा तिलाही लागू. २०१९पासून तिचं सभासदत्व सर्वांना खुलं आहे. नात्याचा पुरावा लागत नाही, पण क्रेडिट रिपोर्ट तेही बघणारच.