बोलणं बंद हाय, व्यवहार न्हाई

कालपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. लांबेल. कंटाळा आला तर सोडून द्या.

आम्ही ख्रिस्ती. काल रात्री बदनापूरकडे मावसभावाच्या, म्हणजे दादाच्या, घरी घरसभा होती, घरातली प्रार्थनासभा. दादाची मोसंबी यंदा पावसानं गळून गेली. आंबिया बहार होता, व्यापाऱ्याशी सौदा झालेला, इसार घेतलेला. आता झाडाखाली फळांचा सडा पडलाय, पाय ठेवला की पचकन फुटतंय. अशा घरात बाहेरून आलेले एक प्रचारक बसले, शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं आणि दादाकडे बघत म्हणाले, "कुठंतरी विश्वास कमी पडतोय, भाऊ." मग म्हणाले, बीज पेरा, शंभरपट मिळेल. पेरायचं म्हणजे शेतात नाही, त्यांच्या मोबाईलवरच्या क्यूआर कोडवर! दादा खाली मान घालून चटईच्या काड्या मोडत बसला. वहिनी "आमेन" म्हणाली, म्हणजे तिला म्हणावंच लागलं. आणि मी गप्प बसलो. खरा राग त्याचाच आहे.

विश्वास कमी? ह्या माणसाचा?

२०१२-१३ च्या दुष्काळात ह्यानं टँकर विकत घेऊन बाग जगवायचा प्रयत्न केला. शेवटी स्वतः कुऱ्हाड लावली. जालन्यात तेव्हा कितीतरी बागा अशाच सरपणाला गेल्या, तुम्ही बघितल्यात. आणि पाऊस झाल्यावर ह्याच गड्यानं त्याच रानात पुन्हा मोसंबीची कलमं लावली. नीट फळ हाती यायला पाच-सहा वर्षं. पाच-सहा वर्षं, मराठवाड्यात, पाण्याच्या भरवशावर! ह्याला विश्वास म्हणत नाहीत तर काय म्हणतात, प्रचारकसाहेब?

मला रात्रभर आज्जी आठवत होती.

१९७२. आज्जी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. सुकडी (दुष्काळात वाटलेला पौष्टिक भरडा) आणि लाल मिलोवर (परदेशातून आलेली ज्वारी) घर चाललेलं. त्यातच तिचं चार वर्षांचं पोरगं हगवणीनं गेलं, म्हणजे माझा काका, मी न बघितलेला. त्या दिवसापासून आज्जीनं प्रार्थना बंद केली. उपासनेला यायची, मागे बसायची, तोंड मिटून. गीत नाही, आमेन नाही. पण तिची एक सवय होती. स्वयंपाकाला बसली की आधी धान्यातली एक मूठ पत्र्याच्या डब्यात टाकायची, मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी. ती मूठ सुटली नाही. घरात धड खायला नाही आणि मिलोची मूठ डब्यात! पाळकसाहेबांनी एकदा विचारलं, "बाई, प्रार्थना करत नाही म्हणता, मग हे काय?" आज्जी म्हणाली, "त्याच्याशी बोलणं बंद हाय, व्यवहार न्हाई."

आमच्या घरात हे वाक्य म्हणीसारखं वापरतात, नवरा-बायकोच्या भांडणातसुद्धा.

आता, त्या प्रचारकांच्या सभांमुळे आमच्या एका चुलत्याची दारू सुटली, हे खरं आहे. मान्य. पुढे.

पुढे हे की शास्त्र त्यांनी पूर्ण वाचलेलं नाही. बायबलमधला ईयोब, चांगला माणूस असून सगळं गमावलेला. त्याचे मित्र नेमकं हेच बोलले होते, तुझंच काहीतरी चुकलं असणार. शेवटी देव कुणावर रागावला? ईयोबावर नाही. त्या मित्रांपैकी अलीफजाला सांगितलं, तुझ्यावर आणि तुझ्या दोन मित्रांवर माझा कोप भडकलाय. हे शेवटच्या अध्यायात आहे, तिथपर्यंत जायला दम लागतो. आणि पाऊस? प्रभू येशूनं डोंगरावर सांगितलंच आहे की तो नीतिमानांवर पडतो आणि अनीतिमानांवरही. आमच्याकडे तो दोघांच्याही मोसंबीवर पडला.

बायबलमधला संदेष्टा हबक्कूक तर आपलाच माणूस वाटतो मला. तीन अध्यायांचं पुस्तक, सुरुवातच तक्रारीनं, की परमेश्वरा, मी किती वेळ ओरडू, तू ऐकतच नाहीस. आणि शेवटी अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठा रिकामा, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. लोक ही शेवटची ओळ फ्रेम करून भिंतीला लावतात आणि पहिला अध्याय विसरतात. आधी भांडलाय तो माणूस.

थोडं विषयांतर होतंय, पण होऊ द्या. आमचं घराणं १८९९-१९०० च्या दुष्काळातलं. पणजोबा अनाथ पोर म्हणून मिशनच्या दारात आले. आज्जीचं माहेर बेथेलचं, पाळक नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेलं ख्रिस्ती गाव ते. "भाकरीसाठी बाटले" म्हणणारे अजून भेटतात. हो, आले भाकरीसाठी! उपाशी पोरानं कशासाठी यायचं? प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर पापांच्या क्षमेच्या आधी मागितली आहे, बघा वाचून. त्यामुळे एका वर्षाचं पीक गेलं म्हणून आमच्या विश्वासाचं माप काढायला येणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. आम्ही दुष्काळातूनच आत आलोय.

जाऊ दे. लिहिता लिहिता राग उतरला थोडा.

आज्जीचं देवाशी बोलणं चर्चच्या पुढच्या कापणीच्या सणाला सुरू झालं. १९७३ ला पाऊस झाला होता. सणाला लोक अर्पण आणतात त्या पिकाच्या लिलावात तिनं दोन रुपयांना भोपळा घेतला. तेव्हाचे दोन रुपये! आजोबा चिडले. घरी येऊन तिनं तो भोपळा मधोमध ठेवला, सगळ्यांना बसवलं आणि डोळे मिटून प्रार्थना केली, बरीच लांब. काय बोलली ते आता कुणालाच आठवत नाही. वडिलांना आठवतं ते एवढंच की भोपळा कडू निघाला.

आज सकाळी मी परत दादाकडे गेलो. दोघांनी मिळून सडकी फळं गोळा करून खड्ड्यात टाकली. कालच्याबद्दल माफी मागायची होती, जमलं नाही. निघताना विचारलं, रविवारी उपासनेला येतोस ना?

"नाही येणार," म्हणाला. मग गाडीपर्यंत आला. "पण आईला न्यायला गाडी पाठव. तिला पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून सोबत मी येतो. आत येणार नाही, बाहेर बसतो."

म्हटलं, बस. चिंचेखाली सावली असते.